लामिन यमालच्या घरात काय होतं, पंधराव्या वर्षी क्लबला काय दिसलं, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी त्यातून काय घ्यावं

कोल्हापूरच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगा तेरा वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेने, खेळतो. शाळेच्या आणि पेठेतल्या संघात त्याच्याइतके गोल कुणी करत नाही. आमच्या घरात आजवर कुणी खेळाडू नाही. लामिन यमालचे आईवडीलही साधेच, परदेशातून आलेले. तरी तो पंधराव्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला. त्याच्या घरात असं काय होतं? क्लबला इतक्या लवकर त्याच्यात काय दिसलं? आणि आम्ही आता काय करावं?"

आधी घराबद्दल. या मुलाच्या घराविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी फिरतात. एक म्हणजे गरिबीतून घडलेला चमत्कार, आणि दुसरी, तान्हेपणी मेस्सीने त्याला आंघोळ घातली होती ही. तो फोटो खरा आहे. 'स्पोर्त' हे दैनिक आणि युनिसेफ यांच्या मदतनिधीच्या दिनदर्शिकेसाठी २००७ मध्ये जोआन मोन्फोर्त यांनी तो काढला. बाळासह फोटो काढून घेण्यासाठी कुटुंबांची सोडत निघाली आणि त्यात यमालच्या आईवडिलांचं नाव आलं. सोडतीत नाव निघालं, एवढाच त्या फोटोचा अर्थ आहे. तो बाजूला ठेवू.

यमालचा जन्म १३ जुलै २००७ चा, बार्सिलोनाला लागून असलेल्या एस्प्लुगेस दे योब्रेगात इथला. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. 'लामिन यमाल' हे सगळं पहिलंच नाव. आडनावं नसरावी आणि एबाना, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. वडिलांकडची आजी आधी स्पेनला आली आणि मग तिच्या आधाराने घर उभं राहिलं. मुलगा लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. आई ग्रानोयेर्सला राहायला गेली, वडील आणि आजी मातारो शहरातल्या रोकाफोंदा या स्थलांतरितांच्या वस्तीत राहिले. गोल झाल्यावर तो बोटांनी ३०४ हा आकडा करतो, तो त्या वस्तीच्या ०८३०४ या पिनकोडचा शेवट.

म्हणजे घरात कुणी नावाजलेला खेळाडू नव्हता, पैसा नव्हता, आईबाप एका छताखालीही नव्हते. तरी तीन गोष्टी नीट जुळून आल्या. पहिली, ग्रानोयेर्सजवळच्या ला तोर्रेता या छोट्या क्लबात तो अगदी लहानपणीच जाऊ लागला. घराजवळचा, नाव नसलेला क्लब. तिथे त्याला चेंडू भरपूर मिळाला, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त काही लागत नाही. दुसरी, रोकाफोंदाच्या सिमेंटच्या मैदानावर तो वयाने मोठ्या मुलांत खेळला. कमी जागा, कडक जमीन, चेंडू जास्त उसळतो आणि समोरचा ताकदीने वरचढ. तिथे अंगाने कुणाला हरवता येत नाही, म्हणून पाय लवकर शहाणे होतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. २०१४ मध्ये, सातव्या वर्षी, बार्सिलोनाच्या अकादमीने त्याला घेतलं तेव्हा दोन घरांत विभागलेल्या त्या कुटुंबाने त्याचा सराव तुटू दिला नाही. मैदानं होती सांत जोआन देस्पीला, म्हणजे ग्रानोयेर्सहून बार्सिलोनाच्या पार पलीकडच्या टोकाला. सात वर्षांच्या मुलाची अशी ये-जा आठवड्यातून अनेक वेळा सांभाळायची, तीही दोन घरांच्या वेळा जुळवून, ही मेहनत आकडेवारीत कुठेच दिसत नाही. पुढे तो अकादमीच्या वसतिगृहात राहू लागला. या अकादमीला ला मासिया म्हणतात; ते नाव मूळच्या १७०२ सालच्या शेतघराचं. २०११ पासून वसतिगृह सराव मैदानांजवळच्या नव्या इमारतीत आहे. तिथे शाळा, अभ्यास आणि जेवण क्लबच्या देखरेखीखाली असतं. २०२४ च्या युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या, स्पर्धेला जाताना त्याच्या बॅगेत शाळेची पुस्तकं होती, आणि स्पर्धा सुरू असतानाच तो माध्यमिक शाळेचा शेवटचा टप्पा पास झाल्याचा निकाल आला.

यासमोर इंग्लंडचा फुटबॉलपटू ज्यूड बेलिंगहॅम याचं घर ठेवून बघा. वडील इंग्लंडच्या पोलिसांत सार्जंट, आणि खालच्या हौशी लीगमध्ये भरपूर गोल केलेले खेळाडू. आईवडील एकत्र, घर स्थिर. ज्यूड लहानपणापासून बर्मिंगहॅम सिटीत. ६ ऑगस्ट २०१९ रोजी, १६ वर्षं ३८ दिवसांच्या वयात, तो पहिल्या संघाकडून खेळला. २०२० मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबात गेला तेव्हा घराने स्वतःची वाटणी करून घेतली: आई त्याच्याबरोबर जर्मनीत राहायला गेली आणि वडील धाकटा भाऊ जोब याच्यासाठी इंग्लंडमध्ये थांबले.

दोन्ही घरं एकमेकांसारखी मुळीच नाहीत. म्हणून "अशा घरातूनच खेळाडू येतो" असा शोध घेण्यात तुमचा वेळ जाईल. दोन्हीकडे सारखं दिसतं ते एवढंच: रोजची ने-आण करणारं, मूल कुठे आहे हे माहीत असलेलं एक मोठं माणूस कायम होतं, आणि खेळ शिकवण्याचं काम घराने प्रशिक्षकाकडे सोपवलं होतं. बेलिंगहॅमचे वडील तर स्वतः खेळाडू, पण मुलगा घडला तो क्लबच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. तुमच्या घरात कुणी खेळलेलं नाही हा तोटा नाही. टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, "मार, मार, शूट कर" असं ओरडणारा बाप हा मात्र तोटा आहे. त्या क्षणी मुलाला सुटा सहकारी दिसत असतो, तरी तो बापाचं ऐकून शॉट मारतो. असं पन्नास वेळा झालं की तो बघणंच सोडून देतो.

घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: मूल कुठे जन्मलं आणि कुठे राहतं. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या खेळाडू-नोंदणी नियमांच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली करता येत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. युरोपीय संघाच्या हद्दीत वय १६ ते १८ असेल तर, तेही शिक्षण आणि निवासाच्या अटींसह. किंवा घर सीमेच्या ५० किलोमीटरच्या आत असेल तर. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये बार्सिलोनालाच शिक्षा झाली आणि २०१५ मध्ये खेळाडू बदलीच्या दोन्ही मुदतींत क्लबला नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. त्या कारवाईत अकादमीतली परदेशी मुलं अडकली. जपानचा ताकेफुसा कुबो तेरा वर्षांचा होता. खेळायलाच मिळेना म्हणून २०१५ मध्ये तो जपानला परतला, आणि अठरा पूर्ण झाल्यावरच रेआल माद्रिदमार्फत पुन्हा स्पेनमध्ये आला. यमाल त्याच सुमारास अकादमीत होता, पण स्पेनमध्येच जन्मलेला आणि वाढलेला, म्हणून त्याच्या वाटेत हा नियम आला नाही. आजी मोरोक्कोहून स्पेनला आली ही गोष्ट त्याच्या फुटबॉलसाठी कुठल्याही प्रशिक्षणाइतकीच निर्णायक ठरली.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय मुलाला अठराच्या आत स्पेन, जर्मनी किंवा इंग्लंडच्या क्लबात नोंदवता येत नाही. त्यामुळे "युरोपात ट्रायल, निवड झाल्यास क्लबात प्रवेश" असं सांगून कुणी काही लाख मागत असेल, तर तो तुम्हाला फार तर एक शिबिर आणि सहल विकतो आहे. मोठ्या क्लबचं नाव लावून भारतात चालणाऱ्या अकादमीत मूल शिकतं म्हणजे ते त्या क्लबात नोंदलं गेलं, असंही नाही.

आता दुसरा प्रश्न, क्लबला काय दिसलं. आधी तारखा बघा, कारण "अचानक पंधराव्या वर्षी" हा समज त्यांनीच दूर होतो. २०१४ मध्ये अकादमी. त्यानंतर बहुतेक काळ वयाने मोठ्या मुलांच्या गटात; २०२२-२३ मध्ये पंधरा वर्षांचा असताना तो एकोणीस वर्षांखालच्या संघात होता आणि पहिल्या संघाबरोबर सरावही करत होता. २९ एप्रिल २०२३ रोजी रेआल बेतिसविरुद्ध ८३ व्या मिनिटाला गावी या सहकाऱ्याच्या जागी तो मैदानात आला. वय १५ वर्षं २९० दिवस. सामना ४-० ने संपला. त्या हंगामात पहिल्या संघाकडून तो एवढाच खेळला, सात मिनिटं आणि वाढीव वेळ. पुढच्या महिन्यात सतरा वर्षांखालच्या युरो स्पर्धेत त्याने चार गोल केले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरुवातीच्या अकरात आला. ८ सप्टेंबरला जॉर्जियाविरुद्ध स्पेनकडून पहिला सामना आणि गोल, ८ ऑक्टोबरला ग्रानादाविरुद्ध लीगमधला पहिला गोल. ९ जुलै २०२४ रोजी युरोच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध लांबून, डाव्या पायाने, खांबाला लागून आत गेलेला गोल. सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, आणि त्यात निको विल्यम्सच्या गोलचा पास त्याचा. म्हणजे त्या सात मिनिटांआधी जवळपास नऊ वर्षं एकाच पद्धतीचं शिक्षण झालेलं आहे.

त्या पद्धतीतली एक साधी बाब आपल्याकडे सर्रास चुकते. स्पेनमध्ये साधारण बारा वर्षांपर्यंत मुलं सात-सातच्या संघांत, लहान मैदानावर, चार नंबरच्या चेंडूने खेळतात. अकरा-अकराचा खेळ त्यानंतर. लहान मैदानावर एकेका मुलाला चेंडू कितीतरी जास्त वेळा मिळतो आणि दर वेळी ठरवावं लागतं: ठेवू, देऊ की घुसू. आपल्याकडे दहा वर्षांची मुलं पूर्ण मैदानावर उतरवतात. तिथे लांब मारणारा आणि जोरात पळणारा जिंकतो. बघून पास देणारा चेंडूची वाट बघत उभा राहतो.

यमालचं वेगळेपण वेगात नाही. तो वेगवान आहे, पण त्याच्याहून वेगवान विंगर कितीतरी आहेत. तो डाव्या पायाचा आहे आणि उजवीकडून खेळतो, त्यामुळे आत वळला की शॉट आणि पास दोन्ही चांगल्या पायावर येतात. इथवर तर बरेच खेळाडू येतात. बघायची गोष्ट ही की बचावपटूसमोर तो क्षणभर थांबतो. थांबला की बचावपटूला आधी हलावं लागतं, आणि तो हलला की यमाल उलट बाजूने निघतो, किंवा डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने दूरच्या खांबाकडे पास देतो. असं थांबायची हिंमत त्यालाच होते, ज्याने चेंडू येण्याआधी मान वळवून आसपास कोण आहे ते बघून ठेवलेलं असतं. नॉर्वेचे अभ्यासक गाइर योर्देत यांनी हेच मोजायची पद्धत रूढ केली: चेंडू मिळण्याआधीच्या दहा सेकंदांत खेळाडू चेंडूपासून नजर काढून किती वेळा आजूबाजूला बघतो. क्लबचे लोक पंधराव्या वर्षीच्या मुलात हे शोधतात. आणि मोठ्या वयोगटात टाकल्यावर हे तसंच टिकतं का, हेही बघतात. यमालचं टिकलं. ज्या मुलाचा खेळ वेगावर उभा असतो, त्याचं मोठ्यांत गेल्यावर दोन महिन्यांत उघडं पडतं.

तुमच्या मुलाचं हे घरबसल्या मोजता येईल. मोबाइल मध्यरेषेच्या समोर, शक्य तितक्या उंचावर, स्टॅण्डला लावा. स्टेडियमची वरची पायरी, शेजारच्या इमारतीची गॅलरी, काहीही चालेल. चेंडूमागे कॅमेरा फिरवू नका, अर्धं मैदान कायम दिसू द्या. नाहीतर चेंडू येण्याआधी मुलगा काय करत होता ते कळणारच नाही. पूर्ण सामना घ्या, निवडक क्षण नकोत. मग त्याला चेंडू मिळाल्याचे पहिले तीस प्रसंग लिहून काढा आणि प्रत्येकासमोर चार नोंदी करा: चेंडू येण्याआधी मान वळली का, पहिला टच मोकळ्या जागेकडे गेला की अंगाखाली अडकला, पुढचा निर्णय बरोबर होता का, मग पास चुकला तरी चालेल, आणि चेंडू गेला असेल तर पुढच्या पाच सेकंदांत त्याने काय केलं. असे तीन सामने, तिन्ही वेगवेगळ्या ताकदीच्या संघांविरुद्ध. गोलांचा रकाना ठेवूच नका. दुबळ्या संघाविरुद्धचे पाच गोल या वयात काहीच सांगत नाहीत. तीसपैकी निम्म्या वेळा मान वळलेली दिसली तर पाया चांगला आहे असं मी म्हणेन. पाच-सहा वेळाच दिसली तर घाबरू नका, ही सवय लावता येते: पाच विरुद्ध दोनचा छोटा खेळ, १० बाय १० मीटर चौकोनात, जास्तीत जास्त दोन टच, प्रत्येकी दोन मिनिटांचे सहा डाव, आठवड्यातून तीनदा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

यानंतरचा मुद्दा सर्वांत जास्त पालक चुकतात असा, आणि त्यातलं नुकसान भरून येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा सगळ्यांहून जास्त गोल करतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो त्याच्या उंचीचा. मुलांची उंची सरासरी साडेतेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, त्या वर्षात ८ ते १० सेंटीमीटर. पण कुणाचं हे बाराव्या वर्षी होतं, कुणाचं सोळाव्या. म्हणजे एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शरीरात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. जो लवकर वाढला तो आज धावून आणि ढकलून जिंकतो. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात, आणि ज्याने कधी डोकं वापरलेलं नसतं त्याच्याकडे काही उरत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांची जगभरच्या वयोगट संघांत गर्दी असते, तीही याच कारणाने: बहुतेक ठिकाणी वयाची गणना १ जानेवारीपासून होते. यमाल जुलैचा.

मोजायचं असं: दर तीन महिन्यांनी, सकाळी उठल्यावर, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक काटकोनात धरून. सकाळीच, कारण दिवसभरात उंची सेंटीमीटरभर कमी भरते. तीन महिन्यांत २ सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर मुलगा वेगाने वाढण्याच्या काळात आहे. या काळात त्याचा तोल आणि टच बिघडल्यासारखे वाटतात, कारण पाय लांब झालेले असतात आणि मेंदूला नवा हिशेब अजून बसलेला नसतो. हाडं स्नायूंपेक्षा पुढे गेलेली असतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखायला लागतं. हे दुखणं वाढीच्या जागी होणाऱ्या ओढीचं आहे. स्प्रे मारून खेळवायचं नाही. जोरदार शॉटचा सराव, उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा निम्म्यावर आणा, चेंडूवरचं हलकं काम चालू ठेवा, आणि दुखणं दोन आठवड्यांत उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. याच काळात "फॉर्म गेला" म्हणून मुलाला संघातून काढतात, आणि मूल खेळ सोडतं.

आठवड्याचा भार मोजताना सगळे संघ धरा: शाळा, पेठेचा किंवा तालमीचा संघ, अकादमी, टर्फवरच्या स्पर्धा, पीटीचा तास. एक सोपा आणि वैद्यकीय जगात मान्य असलेला नियम म्हणजे आठवड्यातले तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. तेराव्या वर्षी तेरा तास, त्यातही एक पूर्ण दिवस सुट्टी, दोन असतील तर उत्तम. हंगामात एकाच आठवड्यात तीन संघांकडून चार सामने होतात, तिथे हा नियम मोडतो. प्रत्येक प्रशिक्षक फक्त स्वतःचा सामना मोजतो. बेरीज करणारं माणूस घरातच असावं लागतं. पालकांनी करायच्या कामांत मी याला सर्वांत वर ठेवतो. वही घ्या, रोजची मिनिटं लिहा, आणि आकडा ओलांडला की "या रविवारी तो खेळणार नाही" हे प्रशिक्षकाला स्वतः सांगा. मुलाला सांगायला लावू नका, त्याची जागा जाईल अशी त्याला भीती वाटते.

मोठ्या क्लबांनाही ही बेरीज नेहमी जमत नाही. आन्सू फाती, गिनी-बिसाऊत जन्मलेला आणि लहानपणी स्पेनला आलेला, याच ला मासियातून सोळाव्या वर्षी पहिल्या संघात आला. ७ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच्या डाव्या गुडघ्याची कूर्चा फाटली, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आणि मेस्सीनंतर मिळालेला १० नंबर पाठीवर असूनही तो पूर्वीसारखा झाला नाही. बार्सिलोनाचाच पेद्री २०२०-२१ मध्ये क्लब आणि देशाकडून ७३ सामने खेळला आणि पुढचा हंगाम त्याने बराचसा दुखापतीत काढला. यमाल २०२३-२४ मध्ये क्लबकडून ५० आणि २०२४-२५ मध्ये ५५ सामने खेळला, देशाचे वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये जांघेच्या जागी दुखणं निघालं, आणि वेदनाशामक घेऊन त्याला देशाकडून खेळवलं म्हणून क्लबचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी जाहीर नाराजी दाखवली. जांघेजवळच्या हाडाची वाढ विशी ओलांडेपर्यंत पूर्ण होत नाही. वळून, आत येऊन, वारंवार शॉट मारणाऱ्या विंगरचा सगळा ताण नेमका तिथे येतो. सोळाव्या वर्षी ५० सामने माझ्या मते जास्तच होते. त्याच्या कौतुकात हा भाग झाकला जाऊ नये.

मनाचं ओझंही तसंच. बोयान किर्किच २००७ मध्ये सतराव्या वर्षी बार्सिलोनाकडून खेळला, पहिल्याच लीग हंगामात दहा गोल केले, आणि २००८ च्या युरोला गेला नाही. त्यामागे तीव्र चिंतेचे झटके होते, हे त्याने दहा वर्षांनी उघडपणे सांगितलं. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, पण पेठेत त्याचं नाव झालं असेल, फ्लेक्सवर फोटो लागला असेल, तर झोप, पोटदुखी आणि सामन्याआधीची चिडचिड यांकडे लक्ष ठेवा. त्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नका. निवड करणाऱ्यांना पूर्ण सामना पाठवता येतो; लोकांना दाखवून मुलाला काही मिळत नाही.

तर आता काय करायचं. पंधरापर्यंत घराजवळचा असा संघ बघा जिथे तो पूर्ण वेळ खेळेल आणि प्रशिक्षक छोट्या मैदानावरचे खेळ घेतो. नामांकित अकादमीत बाकावर बसण्यापेक्षा ते बरं. निवासी अकादमीचा विचार त्यानंतर, आणि तिथेही जाहिरातीतल्या माजी खेळाडूच्या नावापेक्षा साधे प्रश्न विचारा: रात्री मुलांजवळ कोण असतं, शाळा कोणती आणि हजेरी किती, एका प्रशिक्षकामागे मुलं किती (सोळाच्या वर असतील तर प्रत्येकाकडे लक्ष जाणार नाही), फिजिओ रोज येतो का, गेल्या तीन वर्षांत किती मुलं मध्येच परत गेली आणि का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर तिथे घालू नका. निवड चाचणीतून घेणाऱ्या आणि राहणं, जेवण, शिक्षण सांभाळणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्याची क्रीडा प्रबोधिनी हे सरकारी उदाहरण, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव तिथूनच पुढे २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. चांगल्या मुलाला घेण्यासाठी चांगली संस्था पैसे मागत नाही.

कागदपत्रं आजच नीट करा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांवर नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अक्षरशः सारखी हवी. एका वेलांटीचा फरकही नोंदणी अडवू शकतो. वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हाडांच्या तपासणीत ते सापडू शकतं, आणि फिफाने तर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी ठेवली आहे. शिवाय वय चोरलेलं मूल स्वतःहून लहान मुलांत खेळतं आणि शिकतच नाही.

मुलाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत त्याच्या खऱ्या संघाच्या नावाने झाली आहे का ते बघा. यात संघाचाही फायदा आहे. उद्या त्याची आंतरराष्ट्रीय बदली झाली तर रकमेच्या ५ टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो: बारा ते पंधरा या वर्षांसाठी दर हंगामाला ०.२५ टक्के, त्यापुढे ०.५ टक्के. एक कोटीची बदली असेल तर बारा ते पंधरा अशी चार वर्षं सांभाळणाऱ्या संघाला एक लाख मिळतात. नोंद नसेल तर काही नाही. यमालला सहा वर्षांचा असताना खेळवणाऱ्या ला तोर्रेताला या हिशेबात जागा नाही, कारण गणना बारापासून सुरू होते.

करार आणि एजंट यांची घाई नको. फिफाच्या नियमाप्रमाणे अठराखालच्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. यमालने ऑक्टोबर २०२३ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, केलेला करारही २०२६ पर्यंतचाच होता. मुदतीआधी खेळाडू न्यायचा तर दुसऱ्या क्लबाने भरायची शंभर कोटी युरोची रक्कम त्यात होती, पण मुदत तेवढीच. २०३१ पर्यंतचा करार अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर झाला. त्यामुळे तेराव्या वर्षी कुणी "पाच वर्षांचा करार" पुढे केला तर सही करू नका. २०२३ च्या एजंट नियमांनुसार, त्या देशात मुलाला पहिला व्यावसायिक करार करता येतो त्या वयाच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटाने त्याच्याशी किंवा तुमच्याशी संपर्कच साधायचा नाही, आणि त्यानंतरही पालकांची लेखी संमती लागते. परवाना आहे का ते फिफाच्या यादीत नावाने तपासा. अल्पवयीन खेळाडूंसाठीचं वेगळं प्रशिक्षण त्याने पूर्ण केलं आहे का तेही विचारा, आणि कोणताही कागद घरी आणून, वकिलाला दाखवून, दोन दिवसांनीच परत द्या. "आजच सही हवी" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नाही सांगा.